पोवळ्याची डाक्टर

पोवळं हा मंगळाचा खडा. तांब्यात मढवून अनामिकेत घालतात. जमत नसलेलं लग्नही जमतं, असं कडा गावच्या बाजारात खडे विकणारा छातीला हात लावून सांगतो.

*

फार पूर्वी, माणूस नव्हता, गाय नव्हती, ज्वारीचं कणीससुद्धा नव्हतं, तेव्हा वर्षाचे दिवस चारशे होते.

*

"फ्लेक्सवर फोटो कुनाकुनाचे?"

"आधी चेअरमनचा. मंग देवीचा. जागा उरली तर सत्कारमूर्तीचा."

*

समुद्रात एक जीव असतो. तो जन्मभर एका जागी बसून दगड तयार करतो आणि त्याच दगडात राहतो.

*

यंदा मृगाचं वाहन बेडूक की गाढव, यावरून पिंपळाखाली दोघांची बोलाचाली बंद झाली.

*

ज्या घरात लेकरं जगत नाहीत त्या घरात पुढच्या लेकराचं नाव दगडू, धोंडू, कडू असं ठेवतात. म्हणजे सटवीला वाटावं, हे काही नेण्याजोगं नाही.

*

संशोधन निबंध: "लक्षद्वीपच्या प्रवाळांतील रोजच्या वाढरेषा आणि चंद्राचे महिने." लेखिका: डॉ. अंजना आश्रुबा. आडनाव छापायचं राहून गेलं.

*

हे सगळं एकाच सकाळी आष्टी तालुक्यातल्या एका गावात, दूध संस्थेच्या ओट्यावर येऊन एकमेकांना धडकलं. सांगायला दुधापासून सुरुवात करायला हवी. पण त्या उन्हाळ्यात दूध नव्हतंच, म्हणून पोवळ्यापासून करू.

दूध संस्थेचा सेक्रेटरी पंडित. पंडित हे त्याचं नाव, पदवी नव्हे. तो चारा छावणीवर आला तेव्हा दगडाबाई आपल्या तांबड्या गाईपुढं उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं टाकत होती. गावातली सगळी जनावरं तेव्हा छावणीच्या पत्र्याखाली होती. गावात फक्त माणसं आणि टँकरची वाट बघणारे हंडे उरले होते.

"काकू," पंडित म्हणाला, "अंजनाताईचा सत्कार ठरलाय संस्थेच्या वतीनं. ताई नेमकं करतेत काय? फ्लेक्सवर लिवायचंय."

दगडाबाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. लेक कशातली डॉक्टर आहे, हे लेकीनं तिला फोनवर कितीदा तरी सांगितलं होतं. त्यातला 'प्रवाळ' हा शब्द काही तिच्या जिभेवर बसेना. पुढारी भाषणात बोलतात तसला वाटायचा तो. मग तिनं आपल्यापुरतं त्याचं पोवळं करून टाकलं होतं. तिनं हात झटकले, पदर सारखा केला आणि म्हणाली, "पोवळ्यावर आन् ग्रहावर संशोधन करती ती. चंद्रावर बी हाय. परदेशात वाचत्यात तिचं."

पंडितनं लिहून घेतलं. त्याला तिळमात्र शंका आली नाही. पोवळं, ग्रह, चंद्र. हे तीन शब्द एका रांगेत आले की आपल्याकडं त्याचा अर्थ एकच होतो.

"ढगाळ पौर्णिमा आणि प्रवाळांची वीण"
*(अंजनाचा दुसरा निबंध. यात असं सिद्ध केलं आहे की पौर्णिमेनंतर ठरावीक रात्री समुद्रातली प्रवाळं एकाच वेळी वितात. चंद्र त्यांना सांगतो आणि ती ऐकतात.)*

अंजना एस.टी.तून फाट्यावर उतरली आणि तिनं स्वतःला बघितलं.

*आपल्या गावची सुकन्या, ग्रह व रत्नतज्ज्ञ, पोवळेविशारद डॉ. अंजनाताई यांचा भव्य सत्कार तसेच पावसाविषयी अचूक मार्गदर्शन. समस्त पशुपालकांनी उपस्थित राहावे.*

फोटो कोपऱ्यात होता. देवीच्या वाघाचं शेपूट तिच्या कपाळावर आलं होतं.

आधी ती हसली. इतकी हसली की उसाच्या रसाची बंद गुऱ्हाळं राखत बसलेला म्हातारा उठून बघायला आला. मग तिनं "अचूक मार्गदर्शन" पुन्हा वाचलं, आणि हसू जिथल्या तिथं थांबलं.

घरी येईपर्यंत दगडाबाईच्या ओसरीवर शेजारच्या चारजणी जमल्या होत्या. कडूबाई सगळ्यांत पुढं. तिच्या मांडीवर तिच्या नातीची पत्रिका.

"अगं आक्का," कडूबाई दगडाबाईला म्हणत होती, "लेक पोवळ्याची डाक्टर आन् आईच्या बोटात साधी अंगठी न्हाई! का आईला मंगळ चालतोय?"

"तिच्याकडचं पोवळं आनता येत न्हाई," दगडाबाई ठसक्यात म्हणाली. "सरकारी हाय. एक तुकडा काढला तर जेल हुती."

हे मात्र तिनं बरोबर सांगितलं. इतकी वर्षं समुद्रात बुड्या मारून लेकीनं घरी एक खडासुद्धा आणला नव्हता. दगडाबाईनं प्रवाळ पाहिलं होतं ते मोबाईलच्या काचेवर. तेव्हा ती म्हणाली होती, "हे तर कोबीच्या गड्ड्यावानी दिसतंय." अंजना म्हणाली होती, "माय, हे जनावर हाय. दगडात राहतं. दगड सोताच करतं." त्यावर दगडाबाई म्हणाली होती, "मंग त्याचं बी नाव कुनीतरी दगडा ठिवलं आसंल."

बायका गेल्यावर अंजनानं विचारलं, "माय, ग्रहतज्ज्ञ कोन म्हनलं मला?"

"मी. तूच सांगितलंतं ना, ग्रहतारे?"

"मी चंद्र पृथ्वीपासून किती लांब हुता ते काढते. पत्रिका न्हाई बघत."

"आता फ्लेक्स लागलाय," दगडाबाई म्हणाली. ह्याच्यापुढं बोलण्यासारखं काही नसतं.

मग तिनं खरी गोष्ट सांगितली. बाहेरगावचा एक व्यापारी गावची सगळी जनावरं एकदम उचलायला तयार होता. त्याची गाडी बाजारच्या दिवशी येणार होती. गाई गेल्या की दूध गेलं, दूध गेलं की संस्थेला कुलूप. आणि पाऊस लवकर आला तर गाई विकणारा गाव मूर्ख ठरणार. नाही आला तर न विकणारा. चेअरमन बबनराव यांनी सत्काराच्या दिवशीच सभा ठेवली होती. सगळं गाव अंजीच्या तोंडाकडं बघून ठरवणार होतं. दगडाबाईनंच कडूबाईला शब्द दिला होता, "माझी अंजी येती. ती सांगल."

"एखादं नक्षत्र सांगून टाक," दगडाबाई हळूच म्हणाली. "रोहिणी म्हन, न्हाईतर मिरीग म्हन. तुझं काय जातंय?"

"तुझी गाय जाईल माय."

"आन् न्हाई सांगितलंस तर माझं त्वांड जाईल."

अंजना काही बोलली नाही. दगडाबाईला ते गप्प बसणं ओळखीचं होतं. लहानपणी कोपीवरून, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीवरून, तिला शाळेसाठी गावी परत धाडलं तेव्हा पोरगी रडली नव्हती. अशीच गप्प बसली होती. ही पोर गप्प बसली की हलायची नाही. दगडाची लेक होती ती.

"मोजमापातील अनिश्चितता: एक टिपण"
*(हा निबंध फार थोड्यांनी वाचला. अंजनाला मात्र तोच सगळ्यांत जास्त आवडतो.)*

सभेची विषयपत्रिका फळ्यावर लिहिली होती. देवीची आरती. सत्कार. पावसाविषयी मार्गदर्शन. गाईंचा निर्णय. चहा.

बबनरावांनी अंजनाला फेटा बांधला. फेटा मोठा, डोकं लहान. तो भुवयांवर उतरला. शाल दिली, श्रीफळ दिलं. मग माईक हातात घेऊन ते म्हणाले, "आपल्या ऊसतोड कामगाराची मुलगी आज पार चंद्रापर्यंत पोचली. आता ताईंनी फक्त एवढं सांगावं, की यंदा मृगाचं वाहन काय, आणि पाऊस कवा?"

"माझ्या माहितीतलं वाहन एकच," अंजना म्हणाली. "एस.टी."

मागं पोरं हसली. बबनराव हसले नाहीत.

"थट्टा र्‍हाऊ द्या ताई. गाव जीव मुठीत धरून बसलाय. पाऊस कवा?"

दगडाबाई पहिल्या रांगेत बसली होती. तिनं लेकीकडं पाहिलं. लेकीनं तिच्याकडं पाहिलं. दगडाबाईच्या ओठांनी आवाज न करता म्हटलं, रोहिणी.

अंजनानं फेटा मागं सरकवला आणि माईकजवळ तोंड नेलं.

"मला माहीत नाही."

माईकनं एक शिट्टी मारली. पत्र्यावर कावळ्याची नखं वाजत होती, तेवढा आवाज.

"म्हंजी?" कुणीतरी विचारलं.

"आपल्या गावात, ह्या महिन्यात, कोणत्या दिवशी पाऊस पडेल हे मला माहीत नाही. आणि आज ते कुणीच सांगू शकत नाही. हवामान खातं मोठ्या मुलखाचा अंदाज देतं, तो ऐकावा. पण मी ते काम करत नाही. फ्लेक्सवर चुकीचं लिहिलंय."

सगळ्या माना पंडितकडं वळल्या. पंडितनं दगडाबाईकडं बोट केलं. मग सगळ्या माना दगडाबाईकडं वळल्या, आणि तिला वाटलं, ओटा फाटावा आणि आपण आत जावं.

धोंडीराम म्हणून एक माणूस होता, कुठल्याही सभेत मागच्या रांगेतून बोलायचं आणि चहाला मात्र पुढं यायचं अशा जातीचा. तो ओरडला, "काय राव, एवढं शिकून म्हाईत न्हाई म्हनायचं आसल तर आमी काय वाईट? आमाला बी म्हाईत न्हाई! बांधा आमाला बी फेटा!"

सभा हसली. ते हसणं दगडाबाईच्या अंगावर गरम पाण्यासारखं पडलं. तिनं मान खाली घातली. आणि खाली घातलेली मान कुणास ठाऊक कशानं, पुढच्याच क्षणाला वर आली. ती उठली. आयुष्यात ती कधी सभेत उठली नव्हती. माईक तिला कुणी दिला नाही, तिला लागलाही नाही. उसाच्या फडात ह्या टोकाहून त्या टोकाला हाक मारलेला गळा होता तो.

"धोंडीराम! ह्या ओट्यावर आजवर कोन कोन चढलं ते मी बी बगितलंय. एक म्हनला, कॅनॉल आनतो. एक म्हनला, तळं भरतो. एक तर म्हनला, पुढच्या दिवाळीला तुमच्या घरात नळ. तुमी समद्यांनी टाळ्या वाजिवल्या. मी बी वाजिवल्या. ह्या ओट्यावर चढून 'मला म्हाईत न्हाई' म्हनलेलं एक मानूस दाव मला. एकच दाव."

धोंडीराम पुढच्या माणसाच्या पाठीआड सरकला.

"माझी लेक म्हनली," दगडाबाई म्हणाली. "ह्या ओट्यावरचं पयलं खरं बोलनं हाय हे."

ती बसली. कडूबाईनं टाळी वाजवली, एकटीनंच. मग तिच्या बाजूच्या बाईनं. मग ती टाळी मागं मागं जात धोंडीरामपर्यंत पोचली, आणि त्यानंही, आजूबाजूला बघून, वाजवली.

बबनराव जुने गडी. वारं फिरलं की पाठ फिरवायची हे त्यांना कळत होतं. "बरं," ते म्हणाले, "मंग ताई, म्हाईत काय हाय ते तर सांगा. फेटा बांधलाय आमी."

"प्राचीन दिवसाची लांबी: जीवाश्म प्रवाळांचा पुरावा"
*(जगातल्या शास्त्रज्ञांनी सगळ्यांत जास्त उल्लेख केलेला तिचा निबंध. त्याच्या पहिल्या वाक्यात ऊस नाही. असायला हवा होता.)*

अंजनानं ओट्याखाली वाकून पाहिलं. छावणीवरून आलेल्या कुणाच्या तरी सायकलला वाढ्याची पेंढी होती, त्यात एक ऊस तसाच राहिला होता. तिनं तो मागून घेतला.

"हे कांडं एवढं लांब कावून?" तिनं विचारलं. आता ती माईकवर बोलत नव्हती, आणि पुस्तकातलंही बोलत नव्हती.

"पानी भेटलं म्हून," दहाजण एकदम म्हणाले.

"आन् हे आखूड कावून?"

"तान पडला," सगळा ओटा म्हणाला. ह्या सभेत ऊस न तोडलेलं माणूस शोधून सापडलं नसतं.

"म्हंजी ऊस नुसता बघून तुमी सांगता, ह्याला कवा पानी भेटलं आन् कवा न्हाई."

"त्यात काय सांगायचं!"

"मी तेच करते. पोवळ्यात. माझं पोवळं अंगठीतलं न्हाई. त्याला प्रवाळ म्हनत्यात, ते अंगठीतल्याचं लांबचं भावकीतलं. ते समुद्रात वाढतं. रोज एक बारीक रेघ चढती त्याच्या अंगावर. सुईच्या टोकाहून बारीक. रोजची रेघ येगळी, वर्साचा पट्टा येगळा. एका वर्सात रेघा किती, ते मोजायचं. आजच्या पोवळ्यात वर्साला दिवस जेवढे, साधारन तेवढ्याच रेघा. पन काही पोवळी लई जुनी हायत. कोट्यवधी वर्सांपूर्वीची. दगडाचा दगड झालेली. त्यात रेघा निघाल्या चारशेच्या आसपास."

पंडितनं चारशेचा आकडा लिहून घेतला.

"म्हंजी तवा वर्सात चारशे दिवस हुते. पृथ्वी आतापेक्षा भराभर फिरायची. दिवस ल्हान हुता. चंद्र जवळ हुता. आता तो लांब लांब चाललाय, दरसाल दोन बोटं. आन् त्यामुळं आपला दिवस मोठा व्हायलाय. पोवळ्यातल्या रेघा मोजून चंद्र कुठं हुता ते काढायचं, हे माझं काम. समुद्र आन् आभाळ ही दोन कामं न्हाईत. नवरा-बायको मिळून एक कोयता, तसं हाय ते."

सभेत हालचाल झाली. 'एक कोयता' म्हणजे ऊस तोडणारं एक जोडपं. दोघांतला एक नसला तर मुकादम अर्धा कोयता धरतो. ह्या गावातल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नव्हतं.

"चारशे दिवसांचं वर्स!" एक म्हातारा म्हणाला. "मुकादमानं चारशे बी दिवस तोड करून घेतली आसती."

"पन दिवस ल्हान हुता की," दुसरा म्हणाला. "लवकर सुटी!"

ह्या वेळचं हसणं वेगळं होतं. दगडाबाईनं ते अंगावर येऊ दिलं. लेक बोलत होती ते सगळं तिला कळलं नव्हतं, पण आजूबाजूच्या तोंडांवरून तिला दिसत होतं की ते कळण्यासारखं आहे. इतकी वर्षं ती शेजारणींना नुसतं सांगत आली होती, माझी लेक मोठी हाय. आज पहिल्यांदा तिला काही सांगावं लागत नव्हतं.

आता गाईंचा विषय. बबनराव घसा खाकरून म्हणाले, "मंग आपलं तर तिथंच र्‍हायलं. इकायच्या का ठिवायच्या?"

तेव्हा कडूबाई उठली. तिचं नावही दगडाबाईसारखंच, सटवीला फसवण्यासाठी ठेवलेलं.

"चेअरमन, हिला म्हाईत न्हाई. तुमाला म्हाईत न्हाई. पंचांगवाल्यांचं आपसात जमत न्हाई. मंग समद्या गाई एकाच गाडीत कावून घालता? अर्ध्या छावनीत ठिवा. अर्ध्या अर्धलीनं द्या. ज्याचं पाव्हनं नदीकाठी हाय त्यानं पाव्हन्याला द्यावी. त्यानं संबाळावी, वासरू झालं तर त्याचं निम्मं, गाय आपली आपल्याला परत. पाऊस आला तर दूध हाय. न्हाई आला तर गाय हाय."

अर्धल जुनीच रीत होती. सगळ्यांना माहीत होती. पण सकाळपासून सगळे आभाळातून उत्तर येण्याची वाट बघत होते, म्हणून ती कुणाला सुचली नव्हती.

बबनरावांनी अंजनाकडं पाहिलं. सवयीनं.

"मला विचारू नका," ती म्हणाली. "पण माहीत नसताना आम्हीही असंच करतो. दोन्हीकडची तयारी ठेवतो."

"ठराव लिव पंडित," बबनराव म्हणाले. "आन् सूचक कडूबाई घाल."

"अनुमोदक?"

"दगडाबाई," तीन-चार जण एकदम म्हणाले.

चहा झाला. धोंडीराम पुढं आला. अंजनाच्या हातातला कप बघून तो म्हणाला, "ताई, ते पोवळ्याचं बेस सांगितलं. पन माझ्या पोराचं लगीन जमना, त्याला काय घालावं?"

"पँट," दगडाबाई म्हणाली. "बाजारात तेवढी नवी घिऊन दे त्याला."

(ह्या भागाला निबंध नाही.)

तांबडी गाय अर्धलीनं गेली नाही. दगडाबाईचे पाहुणे कुठंच नदीकाठी नव्हते. ती छावणीतच राहिली. पत्र्याच्या फटीतून ऊन यायचं म्हणून दगडाबाईनं फाट्यावरचा फ्लेक्स सोडवून आणला आणि तांबडीच्या वासराच्या डोक्यावर बांधला. पंडित म्हणाला, "काकू, ताईचा फोटो हाय त्यावर, बरं दिसत न्हाई." दगडाबाई म्हणाली, "फोटो आतून केलाय. वासराला दिसंल."

अंजना परत गेली त्या दिवशी फाट्यापर्यंत दगडाबाई सोबत आली. एस.टी. यायची होती. चालताना तिनं एकदाच विचारलं, "तुझं ते नवं पोवळं, म्हनलीस ना, आजून कुनी बगितलेलं न्हाई असं. त्याचं नाव काय ठिवायचं ठरवलंय?"

"आजून ठरवलं न्हाई."

"ठिव काहीबी. जगंल असं ठिव."

एस.टी. आली. कंडक्टर ओळखीचा होता. दगडाबाईनं खिडकीखाली उभं राहून त्याला, आणि त्याच्यामागं बसलेल्या सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "जपून न्या रे. पोवळ्याची डाक्टर हाय. पाऊस कवा पडंल ते तिला म्हाईत न्हाई."

*

अंजनानं समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. तोवर तिनं मोजली होती ती उसाची कांडी.